दुखणं एकीचं, बातमी गावाची

आमच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात एक गंमत मी कितीतरी वर्षं बघते आहे. सॅनिटरी पॅडचं पाकीट मागितलं की दुकानातला मुलगा मान खाली घालतो. पाकीट आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो, मग काळ्या पिशवीत घालतो आणि चोरीचा माल असावा तसं हळूच पुढे सरकवतो. त्याच दुकानात एखादीने डॉक्टरांची चिठ्ठी दिली, की हाच मुलगा आतल्या माणसाला खणखणीत आवाजात विचारतो, "अहो, त्या दिवस राहण्याच्या गोळ्या आल्या का हो? वहिनींना पाहिजेत!" मागे रांगेत दोन शेजारणी, शाळेतले एक गुरुजी आणि मुलाच्या मित्राचे वडील उभे असतात.

जी गोष्ट घरोघरी आहे तिला काळी पिशवी, आणि जी त्या एकीचीच आहे तिला साधा कागदाचा आडोसाही नाही! हसू येतं, पण ज्या वहिनींना गोळ्या हव्या असतात त्यांना ते येत नसणार.

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जायची फार चांगली रीत आहे. नारळपाणी नेतो, डबा पोचवतो, रात्रीच्या सोबतीलाही थांबतो. पण या मायेच्या पाठोपाठ दुसरी एक सवयही दवाखान्यात शिरते. भेटायला आलेलं माणूस खुर्चीवर टेकतं न टेकतं तोच उशाशी ठेवलेली फाईल उचलतं. "बघू बघू, काय म्हणतायत रिपोर्ट?" फाईल एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ज्यांना त्यातलं अक्षर कळत नाही तेही चष्मा लावून पानं उलटतात. कॉटवर पडलेली बाई बघत राहते. "ठेवा ती खाली" असं ती म्हणणार तरी कुणाला? आत्येसासूंना? की पुण्याहून मुद्दाम गाडी करून आलेल्या दिरांना?

माझं हे म्हणणं आमच्या सासूबाईंना फारसं पटत नाही. त्या म्हणतात, "अगं, आमच्या वेळी काय लपलं होतं? दोन खोल्यांचं बिऱ्हाड. कुणाला दिवस गेले, कुणाचं पोटातच गेलं, सगळं चाळीला ठाऊक. म्हणून तर वेळेला चार बायका धावून यायच्या."

त्यांचं खोटं नाही. दुखणं मनात दाबून कुढत बसण्यापेक्षा चारचौघींना सांगितलेलं बरं, हे मलाही मान्य आहे. पण त्याच सासूबाई त्यांच्या माहेरच्या गावातल्या सुईणीची आठवण सांगतात. त्या बाईने घराघरांतलं काय काय पाहिलं असेल! कुणाचं मूल कसं झालं, कुणाला काय झालं होतं, सगळं तिला ठाऊक. पण एका घरचा शब्द तिने दुसऱ्या घरी कधी नेला नाही. काही बायकांच्या पोटात तीळ भिजत नाही म्हणतात. या बाईच्या पोटात अख्खं गाव मावलं होतं. म्हणजे सगळं सगळ्यांना ठाऊक असण्याच्या त्या काळातही कुणी बोलायचं नि कुणी गप्प राहायचं, याला काही रीत होतीच की!

ती रीत आजची नाही. हिप्पोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावाने ओळखली जाणारी शपथ दोन हजारांहून अधिक वर्षांची जुनी. उपचार करताना जे पाहिलं, जे ऐकलं, ते बाहेर बोलणार नाही, हे त्या शपथेत आहे. आपल्या चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यातही रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर काढू नयेत असं बजावलेलं आहे. तेव्हा "ही हल्लीच्या मुलींची फॅडं" असं कुणी म्हणालं, तर खुशाल चरकाचं नाव सांगावं.

आता आजच्या दवाखान्यांकडे या. आपल्या लहान शहरांतले डॉक्टर बिचारे एकेका दिवशी शंभर-शंभर पेशंट तपासतात. वेळ वाचावा म्हणून एक आत असतानाच दुसरीला आत घेऊन स्टुलावर बसवतात. पहिली आपलं दुखणं सांगत असते नि दुसरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत कान तिकडे लावून असते. त्या ऐकणारीला बोल लावण्यातही अर्थ नाही, कारण हाताच्या अंतरावर बसून कान कसे मिटणार? मग होतं काय, की पहिली अर्धंच सांगते. पाठ दुखते म्हणते आणि खालची गाठ सांगायची राहून जाते. महिन्याचा त्रास सांगते, पण नवऱ्याजवळ जाताना दुखतं हे ओठांवरून परत आत जातं. डॉक्टर अर्ध्या माहितीवर पूर्ण औषध देतात. लाजेने राहून गेलेला हा अर्धा भाग कधी कधी जिवावर बेततो. खाजगीपणाचं महत्त्व मला आधी इथे वाटतं. दार बंद असेल, तरच बाई तोंड उघडते.

आणि तपासणीची लॅब? तिथे खिडकीवर पहिल्यांदा नाव विचारतात, मग वय आणि मग मोबाईल नंबर. आपल्यापैकी कितीतरी जणी सवयीने नवऱ्याचा नंबर सांगतात. घराचा गॅस ह्यांच्या नावावर, विजेचं बिल ह्यांच्या नावावर, तसाच रिपोर्टही ह्यांच्या मोबाईलवर. संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, तेव्हा हे ऑफिसात असतात. वाचून काही उलगडा होत नाही, म्हणून ते आपल्या डॉक्टर झालेल्या चुलतभावाला पाठवतात. तो कुटुंबाच्या ग्रुपवरच उत्तर देतो. जिच्या रक्ताचा तो रिपोर्ट, ती स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी मोजत असते आणि नागपूरच्या काकूंचा फोन येतो, "अगं, तुझं थायरॉईड वाढलंय म्हणे!"

यात कुणाच्या मनात वाईट नसतं, सगळं काळजीपोटीच चाललेलं असतं. म्हणून तर बोलायला इतकं अवघड जातं.

माझ्या एका मैत्रिणीची हकीकत इथे सांगते. तिने आणि तिच्या यजमानांनी दोघांनी हे लिखाण वाचलं, हो म्हटलं, मगच ते पाठवलं आहे. गाव सांगत नाही, आणि ओळख पटेल अशा बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दोघं जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात दाखवायला गेली. दोघांच्याही तपासण्या झाल्या. पुढच्या खेपेला यजमानांना रजा मिळाली नाही, म्हणून सोबत सासूबाई गेल्या. मैत्रीण आत तपासणीला गेलेली असताना सासूबाईंनी खिडकीवर सहज विचारलं, "काय आलंय हो आमच्या सूनबाईचं?" खिडकीवरच्या मुलीने फाईल उघडली आणि सांगून टाकलं. बीजकोषात बारीक गाठी आहेत, पीसीओडी म्हणतात ते आहे, पाळीचं चक्र बिघडलेलं आहे, म्हणून दिवस राहायला अडचण आहे.

त्याच फाईलमध्ये दुसरा कागद होता, तिच्या यजमानांचा. शुक्राणूंची संख्या फारच कमी आली होती. पण तो कागद चिकटवलेल्या पाकिटात होता आणि वर 'डॉक्टरांनी स्वतः पाहावे' असं लिहिलेलं होतं.

एकच फाईल, दोन माणसांचे दोन कागद. एकाला पाकीट आणि दुसऱ्याला खिडकी! त्या मुलीच्या मनात असं काही वेगळं करायचं होतं, असं मला मुळीच वाटत नाही. पुरुषाची ही गोष्ट झाकायची असते आणि बाईची ती घराला सांगायची असते, हे तिला कुणी न शिकवताच ठाऊक होतं. तुम्हाआम्हाला ठाऊक असतं, तसंच.

त्या संध्याकाळपासून फोन सुरू झाले. मामेसासूंनी शतावरी कल्प पाठवला. नणंदेने एका बाबांचा पत्ता दिला. कुणी पपई बंद करायला सांगितली, कुणी नवस सुचवला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली, तर वाण हातात देता देता एक बाई शेजारणीला म्हणाली, "हिच्यातच दोष निघाला म्हणे." पुढे चुलतजावेचं डोहाळजेवण झालं. ओटी भरायला सगळ्या सवाष्णींना एकेक करून हाक मारली, हिला पानं वाढायला सांगितलं.

वास्तविक पीसीओडी ही हल्ली घरोघरी आढळणारी, उपचार असलेली तक्रार आहे. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर असतं, हे स्त्रीरोगतज्ज्ञ सांगून सांगून थकले. पण हळदीकुंकवाच्या तबकात वैद्यकशास्त्राला जागा नसते.

मैत्रिणीला दुसऱ्या कागदाची माहिती होती. तिच्या यजमानांनी एकदाच म्हटलं होतं, "हे कुणाला सांगू नकोस." तिने सांगितलं नाही. सासूला नाही, आईला नाही, मलाही नाही. एक वाक्य बोलली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. दोन वर्षं तिने ते वाक्य गिळलं. मला हे कळलं ते फार उशिरा, आणि तेही तिच्या यजमानांनी आपण होऊन आपल्या आईला सांगितलं त्यानंतर. आईने ऐकलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग एवढंच म्हणाल्या, "आधी का नाही रे सांगितलंस? मी त्या पोरीला काय काय ऐकू दिलं!"

मी मैत्रिणीला म्हटलं, "चला, आता तरी तुझ्यावरचं बालंट गेलं." तर ती म्हणाली, "त्यांचं त्यांनी सांगितलं, केव्हा सांगायचं ते ठरवून सांगितलं, त्यांच्या आईजवळच सांगितलं. माझं सांगताना मला कुणी विचारलं होतं का?"

तिच्या या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर मी या विषयावर जरा वाचायला लागले. आठवी-नववीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवताना मूलभूत हक्कांची यादी आपण घडाघडा सांगतो, पण दवाखान्याच्या खिडकीशी त्यांचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येत नाही. संबंध आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. डॉक्टरांसाठी तर नियम त्याहून जुने आहेत. डॉक्टरांनी कसं वागावं याचे जे नियम २००२ साली आले, त्यांत व्यवसाय करताना कळलेलं रुग्णाचं गुपित उघड करायचं नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. अपवाद मोजके. न्यायालयाने हुकूम केला तर, एखाद्या विशिष्ट माणसाला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि ज्या रोगांची नोंद सरकारला द्यावीच लागते ते रोग असतील तर. सासू, नणंद, मामेसासू हे अपवाद त्या यादीत नाहीत!

त्याच नियमांत आणखी एक कामाची गोष्ट आहे. दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायची आणि रुग्णाने मागितली, तर ७२ तासांच्या आत द्यायची. म्हणजे जी फाईल सगळं गाव वाचतं, ती मागायचा पहिला हक्क आपला.

काही बाबतींत तर वेगळे कायदेच आहेत. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. ज्या बाईचा गर्भपात केला तिचं नाव नि माहिती कायद्याने अधिकार दिलेल्या माणसाखेरीज कुणाला सांगितली, तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची संमती पुरते. हे कित्येक दवाखान्यांत आजही कुणी सांगत नाही. मूल होण्यासाठी जे नव्या पद्धतीचे उपचार करतात, त्यांचा कायदाही २०२१ चा. जोडप्याची माहिती गुप्त ठेवायची हे त्यातही आलं. मानसिक आजारांचा २०१७ चा कायदा रुग्णाची माहिती गुप्त राखायचा हक्क देतो. एखादीला बाळंतपणानंतर उदास वाटू लागलं, झोप उडाली, म्हणून ती मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली, तर हा हक्क तिला मोठा आधार आहे.

आपल्या महाराष्ट्रात खाजगी दवाखान्यांसाठी शुश्रूषागृह नोंदणीचे नियम आहेत. जानेवारी २०२१ मध्ये ते सुधारले आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दवाखान्यात दिसेल अशी लावायची असं ठरलं. पुढच्या वेळी बाकावर बसलात की भिंतीवर शोधून बघा. बाळांचे गोबरे फोटो दिसतील, देवादिकांच्या तसबिरी दिसतील. सनद दिसली नाही, तर विचारायला हरकत नाही. पुरुष डॉक्टर तपासत असतील, तर आपल्याबरोबर एक बाई हजर असावी हेही हक्काने सांगावं. डॉक्टरांच्या वागण्याबद्दल तक्रार असेल, तर महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे. दवाखान्याबद्दल असेल, तर महापालिकेचं किंवा जिल्ह्याचं आरोग्य खातं आहे. तक्रार लगेच कुणी करत नाही, मला ठाऊक आहे. पण आपल्या बाजूने काही आहे एवढं माहीत असलं, तरी आवाज थोडा वेगळा निघतो.

आता कुणी म्हणेल, मग काय, सगळंच लपवायचं? लग्न ठरताना फसवणूक झाली तर? संसर्गाचा रोग असला तर?

प्रश्न रास्त आहे. क्षयरोगाचंच घ्या. मे २०१२ पासून क्षयाचा रुग्ण आढळला की डॉक्टरांना सरकारकडे नोंद द्यावीच लागते. ते योग्यही आहे. औषधं नियमित चालू आहेत ना, घरात आणखी कुणाला लागण नाही ना, हे त्यामुळेच बघता येतं. पण ती नोंद आरोग्य खात्यासाठी आहे, गल्लीसाठी नाही. आशाताई किंवा आरोग्यसेविका गोळ्यांची चौकशी करायला आली आणि ओट्यावरूनच ओरडली, "टीबीच्या गोळ्या घेतल्या का गं?" तर कामाची नोंदही झाली आणि मुलीच्या नावाची दवंडीही पिटली गेली. टीबी औषधाने बरा होतो, पण दवंडी पिटली गेली की स्थळं यायची थांबतात. याच भीतीने पोरी औषधं मध्येच सोडतात. मग रोग बळावतो, तो सगळ्यांनाच भोवतो.

लग्नाच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा एक निकाल आहे. रक्त तपासताना एका तरुणाला एचआयव्ही असल्याचं आढळलं, ती गोष्ट रुग्णालयाकडून बाहेर कळली आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. तो न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितलं, की खाजगीपणाचा हक्क आहे, पण ज्या मुलीशी लग्न व्हायचं तिच्या जिवाचाही हक्क आहे. पुढे एचआयव्हीचा वेगळा कायदा २०१७ मध्ये झाला. त्यात कुणाची माहिती त्याच्या संमतीशिवाय सांगायची नाही असं आहेच, शिवाय जोडीदाराला खरोखर धोका असेल, तर रुग्णाला समजावून, ठरलेल्या रीतीने डॉक्टर जोडीदाराला सांगू शकतात. इथे 'जोडीदार' हा शब्द महत्त्वाचा आहे. मध्यस्थ, मावशी, मंगल कार्यालयाचे मॅनेजर यांना सांगा असं कुठलाच कायदा म्हणत नाही.

आमच्या शाळेत पूर्वी एका मुलीला फिट्स यायच्या. तिची आई वर्ष सुरू होताना वर्गशिक्षिकांना आणि खेळाच्या सरांना भेटून गेली. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्यायचं, सगळं नीट सांगितलं. ज्यांना सांगणं जरूर होतं त्यांना सांगितलं, बाकी कुणाला नाही. बाईंनीही ते शिक्षकांच्या खोलीत चघळलं नाही. एकदा वर्गात फिट आली, बाईंनी शांतपणे सांभाळलं, मुलांनाही काय करायचं ते कळलं. त्या आईचं मला कौतुक वाटतं. तिने काही लपवलं नाही आणि काही उधळलंही नाही. नाहीतर फिट्स म्हटलं की आपल्याकडे मुलीचं लग्न झालंच नाही असं धरून चालतात. हिंदू विवाह कायद्यातून फिट्सची अट १९९९ मध्येच काढून टाकली, हे किती जणींना ठाऊक आहे?

मला वाटतं, लपवाछपवी आणि खाजगीपणा यांत हाच फरक आहे. ज्याला कळायला हवं त्याच्यापासून दडवणं ही लपवाछपवी. ज्याला कळायची गरज नाही त्याच्यापुढे न मांडणं हा खाजगीपणा. आणि कुणाला कळायला हवं हे ठरवायचा पहिला मान ज्याचं शरीर त्याचा.

हे सगळं तोंडातोंडी होतं तोवर निदान गावापुरतं होतं. आता कागद संगणकात गेले आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतल्या एका लॅबचे हजारो लोकांचे रिपोर्ट इंटरनेटवर उघडे पडल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. त्यात एचआयव्हीचे रिपोर्टही होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या मोठ्या रुग्णालयाचे संगणक हल्लेखोरांनी बंद पाडले आणि कित्येक दिवस हाताने केसपेपर लिहावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं बायकांच्या तपासणीचं कॅमेऱ्यातलं चित्रण चोरून विकलं गेल्याचं उघडकीला आलं. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातले तरुणही होते. ते वाचून रात्रभर मला झोप लागली नव्हती. तपासणीच्या खोलीत कॅमेरा हवाच कशाला, हा साधा प्रश्न त्या बायकांच्या वतीने आधी कुणी विचारायला हवा होता. तुम्ही जाल तिथे छताकडे एकदा नजर टाका आणि कॅमेरा दिसला तर विचारा.

सरकारचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. त्यात चौदा आकड्यांचा 'आभा' क्रमांक मिळतो आणि आपले रिपोर्ट एकत्र ठेवता येतात. सोय चांगली आहे. फायली शोधत कपाटं उपसायला नकोत. पण हा क्रमांक घेणं ऐच्छिक आहे, आणि कुठल्या डॉक्टरांना आपले कागद दिसावेत याची परवानगी आपण द्यायची असते. मोबाईलवर आलेला ओटीपी खिडकीवरच्या माणसाला न विचारता सांगून मोकळं होण्याआधी, "हा कशासाठी?" एवढं विचारावं. माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे.

पण कायदा होईल, संगणकाला कुलूप लागेल, तोवर घरात काही साध्या गोष्टी करता येतात. लॅबच्या खिडकीवर स्वतःचा नंबर सांगावा. नवऱ्याला दाखवायचा नाही म्हणून नव्हे, तर आपण होऊन दाखवता यावा म्हणून. घरात प्रत्येकाची फाईल वेगळी ठेवावी, सासऱ्यांची मधुमेहाची, मुलांच्या लसीकरणाची, आपली. आपली लोणच्याच्या बरण्यांमागे किंवा देवघराच्या फळीवर नको, आपल्या कपाटात हवी. मात्र अडीअडचणीला ती कुठे आहे, हे घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवावं. रक्तगट, कुठलं औषध सोसत नाही, कुठल्या गोळ्या चालू आहेत, एवढं एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवावं. ते वेळेला परक्याच्याही हाती पडलेलं बरं. जुने रिपोर्ट रद्दीत घालताना नावाचा भाग फाडून टाकावा. भेळेच्या पुडीवर कुणाची तरी शुगर वाचायची वेळ येऊ नये! मोबाईल दुरुस्तीला देताना त्यातले रिपोर्टांचे फोटो काढून घ्यावेत. आणि डॉक्टरांकडे स्टुलावर दुसरी कुणी बसलेली असेल, तर गोड आवाजात म्हणावं, "डॉक्टर, मला जरा एकटीने बोलायचंय." डॉक्टर रागावत नाहीत. बहुतेकांना आपण मागून घेतलं, तर बरंच वाटतं.

उरली दुसरी बाजू. आपण नुसत्या पेशंट नसतो, आपण भेटायला जाणाऱ्याही असतो. तिथे फाईलला हात लावण्याऐवजी पांघरूण सारखं करावं. "काय झालंय?" याऐवजी "काय हवंय?" विचारावं. सांगायचं असेल तर ती आपोआप सांगेल, आणि तिने सांगितलं म्हणजे ते पुढच्या घरी न्यायची परवानगी मिळाली असं नव्हे. वयात आलेल्या मुलीची पाळी, मुलाचा चष्मा, सासऱ्यांचं प्रोस्टेट, नवऱ्याचं ब्लडप्रेशर, हेही त्या त्या माणसाचं आहे. घरातल्या पुरुषांच्या दुखण्यांनाही हेच माप लावायचं, कारण पाकीट एकालाच आणि खिडकी एकीलाच, असं पुढेही नको.

माझी मैत्रीण नि तिचे यजमान अजून उपचार घेताहेत. मागच्या महिन्यात एका मुंजीत कुणी तरी तिला विचारलंच, "काय, काही गोड बातमी?" ती हसून म्हणाली, "असली तर मीच सांगेन की!" आणि पंगतीत वाढायला निघून गेली. तिच्या मागे तिच्या सासूबाई उभ्या होत्या. विचारणारीने आपला मोहरा त्यांच्याकडे वळवला, तर त्या म्हणाल्या, "तिनं सांगितलं ना? मग झालं. तुम्हाला जिलबी वाढू का?"